प्रभाकर बरवे
प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) हे प्रयोगशील भारतीय चित्रकार आणि मराठीत चित्रविचार मांडणारे लेखक होते. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांचे नातलग होत. १९५९ साली बरवे यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण पूर्ण केले.

१९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. हातमागाच्या कापडासाठी नक्षीकामाचे आराखडे करण्याची ही नोकरी त्यांनी १९८२ पर्यंत, चित्रनिर्मिती सांभाळून केली. आरंभीची काही वर्षे वाराणसीत गेली. तेथे त्यांना तांत्रिक परंपरेतील यंत्राकृतींचा परिचय झाला व त्यांच्या चित्रांत प्रतीके आली. यामुळे बसलेला ‘तांत्रिक चित्रकार’ हा शिक्का मात्र अपुरा आहे. कारण त्यांचे सर्वांत स्वतंत्र काम त्यानंतरचे आहे.

सत्तरच्या दशकात त्यांनी तैलरंगांऐवजी इनॅमल हा, एरवी दारेखिडक्या रंगवण्यासाठी वापरला जाणारा रंग कॅनव्हासवर आणला. त्याने पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत होतो आणि कुंचल्याचे फटकारे जवळजवळ दिसेनासे होतात. चित्रकाराच्या हाताची खूण अशी मागे सरली की उरतात त्या वस्तू: पान, घड्याळ, किल्ली, शंख, नासपती. त्या ओळखीच्या असतात, पण अवकाशात सुट्या ठेवलेल्या. त्यांची परस्परांशी प्रमाणे जुळत नाहीत आणि त्यांतून कोणतीही गोष्ट सांगितली जात नाही. केवळ अमूर्त किंवा केवळ वास्तवदर्शी अशा कोणत्याच गटात हे चित्र बसत नाही. नेहमीची वस्तू नेहमीच्या उपयोगातून सुटली की ती कशी दिसते, हा बरव्यांचा खरा शोध होता. १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्र काढण्याआधीच्या विचारांची नोंद ते वर्षानुवर्षे रोजनिशीत करीत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मौज प्रकाशन गृहाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. आकार, अवकाश आणि प्रतिमा यांविषयी एखाद्या चित्रकाराने इंग्रजीच्या कुबड्या न घेता इतके बारकाईने लिहिल्याची उदाहरणे मराठीत थोडीच आहेत.

बरवे यांचे निधन १९९५ साली झाले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांचे भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाल्याने वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती बहुतांशी त्या प्रसंगाची. प्रदर्शनात चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिशींची पानेही मांडलेली होती.