होळकरांची केशरी-काळी ड्यूसेनबर्ग

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८चा. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये वडील तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि सतराव्या वर्षीच राज्य पोराच्या गळ्यात पडलं. शिक्षण ऑक्सफर्डला, मन युरोपात. गाड्यांचा शौक तर विचारूच नका! अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी घेतली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधवली, रंग केशरी-काळा. सुपरचार्जरचं इंजिन, ३२० हॉर्सपॉवर. एवढं पळवायला तेव्हा रस्ते तरी कुठले होते? आणि पैसा शेवटी रयतेचाच. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. महाराज १९६१ मध्ये मुंबईत वारले. गाडी अमेरिकेला गेली. त्यांच्या माणिकबाग महालात आता जीएसटीचं ऑफिस आहे.