डॉ. लिव्हिंग्स्टन यांची प्रार्थना व नाशिकचे तरुण

आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळीं शरीराची स्थिति कशी असावी याविषयीं पुष्कळदां वाद होतो. कोणी म्हणतो, गुडघे टेकल्यावांचून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. कोणी म्हणतो, उभें राहणेंच बरें. कोणी भुईवर मांडी घालून हात जोडितो, तेव्हां शेजारचा बंधु त्यास दोष देतो कीं, हें मूर्तीपुढें बसल्यासारखें दिसतें, आणि प्रेषित पौलानें तर थेस्सलनीकाकरांस वाइटाच्या प्रत्येक रूपापासून दूर राहावयास सांगितलें आहे. हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. यावरून मनें दुखावतात, आणि कित्येक जण उपासनेस येण्याचें सोडून घरीं बसतात.

पवित्र शास्त्र पाहिलें तर असें आढळतें कीं, शलमोनानें मंदिराच्या समर्पणाच्या वेळीं गुडघे टेकून आकाशाकडे हात पसरिले. दावीद परमेश्वरासमोर बसून बोलला. एलीयानें कर्मेल डोंगरावर भुईपर्यंत लवून आपलें तोंड गुडघ्यांमध्यें घातलें. दृष्टांतांतील जकातदार दूर उभा राहिला. आणि आमच्या प्रभूनें गेथशेमाने बागेंत भुईवर पालथें पडून प्रार्थना केली. या सर्वांची प्रार्थना देवानें ऐकली. पौलाच्या त्या वचनांत जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ रूप असाही होतो व प्रकार असाही होतो. तेव्हां जें केवळ लोकांच्या डोळ्यांस विचित्र दिसतें तें वाईट, असा नियम त्यांतून निघत नाहीं. मग वाइटाचें रूप कोणतें? याचें उत्तर शोधितांना एका थोर पुरुषाचें चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटतें. त्यांच्या अंतकाळाशीं आमच्या नाशिकचाही निकट संबंध आहे, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडांतील ब्लँटायर या गांवीं गरीब पण देवभीरु कुटुंबांत झाला. बाप चहा विकीत असे व रविवारच्या शाळेंत मुलांस शिकवीत असे. दहाव्या वर्षीं डेव्हिड कापसाच्या गिरणींत कामास लागले. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतून त्यांनीं लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें, आणि सूत काढण्याच्या यंत्रावर पुस्तक उघडें ठेवून, जातां येतां एक एक वाक्य वाचून ते शिकले. त्या देशांतील बहुतेक मंडळ्यांत तेव्हां उभें राहून प्रार्थना करण्याची व बसून स्तोत्रें गाण्याची चाल होती. दुसऱ्या देशीं याच्या उलट होतें. यावरून आसनाची चाल देशपरत्वें बदलते हें उघड आहे.

पुढें वैद्यकी शिकून ते लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें चीन देशास जाणार होते. पण तेथें अफूच्या व्यापारावरून युद्ध जुंपल्यामुळें १८४० च्या डिसेंबरांत ते आफ्रिकेकडे निघाले. दक्षिण आफ्रिकेंत कुरुमान येथें रॉबर्ट मॉफट या मिशनऱ्याचें ठाणें होतें. त्यांची कन्या मेरी हिच्याशीं १८४५ सालीं त्यांचा विवाह झाला. त्याच्या आदल्या वर्षीं एका सिंहानें त्यांच्यावर झडप घालून त्यांचा डावा दंड मोडिला होता. तें हाड कधींच नीट सांधलें नाहीं.

बक्वेना लोकांचा राजा सेचेले हा त्यांच्या उपदेशानें प्रभूकडे वळला. आपली प्रजा विश्वास धरीत नाहीं हें पाहून एके दिवशीं राजानें सुचविलें कीं, गेंड्याच्या कातड्याचे चाबूक आणवावे, म्हणजे सर्व जण एकदम विश्वासणारे होतील! डॉक्टरांनीं ती गोष्ट मान्य केली नाहीं. चाबकानें गुडघे वांकवितां येतात, अंतःकरण वांकवितां येत नाहीं. राजास पांच बायका होत्या. त्यानें एकीवांचून बाकींच्यांस वस्त्रें व सामान देऊन सन्मानानें माहेरीं पोंचविलें, आणि १ ऑक्टोबर १८४८ रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्याच्या हातून पाप घडलें, तेव्हां डॉक्टरांनीं राजा म्हणून त्याची भीड धरिली नाहीं. कांहीं काळ त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलें. राजानें पश्चात्ताप केला, व त्यानंतर अनेक वर्षें त्यानेंच आपल्या लोकांस देवाचें वचन शिकविलें.

१८५३ सालीं लिन्यांती या गांवीं मकोलोलो लोकांत उपासना चाले, तेव्हां कधीं कधीं पांचशेंहून अधिक माणसें जमत. सर्वांनीं गुडघे टेकले म्हणजे बायका आपल्या मांडीवरील लेंकरांवर वांकत, आणि आपण चिरडूं या भीतीनें सर्व लेंकरें एकदम किंचाळत. लोक तोंड दाबून हंसत, आणि आमेन झालें कीं हास्याचा मोठा कल्लोळ होई. इतर ठिकाणीं तर, न दिसणाऱ्या कोणाशीं हा मनुष्य गुडघे टेकून बोलतो आहे हें पाहूनच लोकांस हंसूं आवरत नसे. डॉक्टरांनीं त्या हंसण्याबद्दल कोणाचा तिरस्कार केला नाहीं, आणि गुडघे टेकणेंही सोडलें नाहीं. थोड्या दिवसांनीं हंसणें आपोआप थांबलें. लोक हंसतात एवढ्यावरून एखादी गोष्ट वाईट ठरत नाहीं, हें येथें दिसतें.

याच प्रवासांत बटोका लोकांत त्यांस उलट अनुभव आला. ते लोक पाहुण्याचा मान राखावयास भुईवर उताणे पडून लोळत व हातांनीं आपल्या मांड्या थोपटीत. डॉक्टरांस तें पाहवेना. ते थांबा थांबा म्हणत, पण पाहुण्याचें अजून समाधान झालें नाहीं असें समजून ते बिचारे अधिकच लोळत! मनुष्यानें मनुष्यापुढें असें व्हावें हें त्यांच्या मनास खपत नसे.

याहून मोठें दुःख त्यांच्या डोळ्यांपुढें होतें, तें गुलामांच्या व्यापाराचें. १८६१ सालीं झांबेझी नदीच्या उत्तरेकडील प्रदेशांत त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं गुलामांचा एक तांडा सोडविला. त्यांत चुमा नांवाचा मुलगा होता. १८६४ सालीं डॉक्टर आपली लहानशी आगबोट स्वतः चालवीत झांझिबारहून मुंबईस आले, तेव्हां चुमा त्यांच्याबरोबर होता. त्यास त्यांनीं मुंबईंत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलें.

आतां नाशिककडे वळूं. आज शरणपूर रोड हें नांव नाशिककरांच्या नित्य तोंडीं आहे. तें शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेलें ख्रिस्ती गांव. इंग्रजी आरमारानें गुलामांचीं गलबतें पकडलीं म्हणजे त्यांतील आफ्रिकन मुलें मुंबईस आणीत, आणि त्यांपैकीं पुष्कळांस शरणपुरीं पाठवीत. तेथें त्यांस शास्त्र, लिहिणें वाचणें, सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. ३ जानेवारी १८६६ रोजीं डॉक्टर मुंबईहून अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर चुमा होता आणि नाशिकचे नऊ तरुणही होते. ते सर्वच टिकले असें नाहीं. कांहीं मेले, कांहीं कंटाळून सोडून गेले. पण १८७० सालीं डॉक्टर मन्येमा देशांत पुढें निघाले व बहुतेकांनीं पाय मागें घेतला, तेव्हां सुसी, चुमा आणि नाशिकचा गार्डनर हे तिघेच त्यांच्या पाठीशीं राहिले.

या प्रवासांत त्यांची औषधांची पेटी चोरीस गेली. तापानें व अतिसारानें ते खंगले. अन्नासाठीं व सोबतीसाठीं त्यांस अरब व्यापाऱ्यांवर अवलंबून राहावें लागलें. ज्या व्यापाराविरुद्ध आपण लढतों तोच व्यापार करणाऱ्यांच्या हातचें खावें लागावें, ही त्यांची मोठी परीक्षा होती, आणि याबद्दल त्यांस दोष देणारे तेव्हांही होते व आजही आहेत. १५ जुलै १८७१ रोजीं न्यांगवे येथें भर बाजारांत व्यापाऱ्यांच्या माणसांनीं बंदुका झाडिल्या. बाजारास आलेल्या शेंकडों बायका व माणसें गोळ्यांनीं व नदींत बुडून मेलीं. डॉक्टरांनीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. पुढील शोधासाठीं त्यांस व्यापाऱ्यांचें साहाय्य अवश्य होतें. पण अशा रक्तपात्यांच्या संगतीनें जाणें त्यांच्यानें होईना. हातीं घेतलेलें काम तसेंच टाकून, आजारी शरीरानें तीन महिने पायीं चालून ते उजिजी येथें परत आले, तों त्यांच्यासाठीं आलेलें सर्व सामान तेथल्या रखवालदारानें विकून टाकिलें होतें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवसांत कागद व शाई संपल्यामुळें जुन्या वर्तमानपत्रांवर बियांच्या रसानें लिहिलेली त्यांची रोजनिशी पुसट झाली होती. ती विद्वानांनीं नव्या यंत्रांच्या साहाय्यानें वाचून २०११ सालीं प्रसिद्ध केली. तींतून, त्यांच्या स्वतःच्या पदरच्या कांहीं माणसांचें वर्तनही त्यांस फार खुपत होतें असें दिसून येतें. म्हणजे वाईट केवळ परक्यांच्या तळावर नव्हतें, तें स्वतःच्या राहुटीच्या दाराशींही आलें होतें. संत म्हणविलेल्या पुरुषांसही या बाबतींत नित्य जागें राहावें लागतें.

उजिजी येथेंच स्टॅन्ली यांनीं त्यांस गांठिलें. स्वदेशीं परत चलण्याची विनंती डॉक्टरांनीं मान्य केली नाहीं. १८७२ च्या ऑगस्टांत स्टॅन्लींनीं समुद्रकिनाऱ्याहून धाडिलेली माणसें आलीं. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार इत्यादि नाशिकचे आणखी तरुण होते. त्यांच्यासह डॉक्टर बांग्वेउलु सरोवराच्या दलदलींत शिरले. पुढें त्यांस चालवेना. शेवटीं माणसांनीं त्यांस डोलींत घालून चितांबो राजाच्या गांवीं नेलें व एक झोंपडी बांधून तींत निजविलें.

१ मे १८७३ च्या पहांटे झोंपडींत निजणाऱ्या मजवारा नांवाच्या मुलानें सुसीस हांक मारिली. सहा जण आंत गेले. पेटीवर मेणबत्ती जळत होती. डॉक्टर बिछान्यावर नव्हते. ते बिछान्याच्या बाजूस गुडघे टेकून, पुढें वांकून, उशीवर दोन्ही हातांत तोंड झांकून होते. प्रार्थना चालली असेल असें समजून ते क्षणभर थबकले. मग मॅथ्यूनें हळूच पुढें होऊन त्यांच्या गालांस हात लाविला, तों तो थंड लागला. नाशिकच्या शाळेंत शिकलेला तो हात होता. डॉक्टरांनीं काय प्रार्थना केली तें कोणीं ऐकलें नाहीं. ज्यास उभें राहवत नव्हतें, त्यास गुडघे टेका असें सांगणारा तेथें कोणी नव्हता, आणि टेकले तर पाहणाराही कोणी नव्हता. लिन्यांतीस पांचशें माणसें हंसत असतांना जे गुडघे टेकले, तेच चितांबोच्या अंधाऱ्या झोंपडींत एकटे असतांनाही टेकले. यास आम्ही खरी प्रार्थना म्हणतों.

यानंतर त्या तरुणांनीं जें केलें त्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. धनी मेला, पेट्या उघड्या, जवळ कोणी साहेब नाहीं. त्यांनीं सर्वांस एकत्र बोलाविलें, सर्वांदेखत पेट्या उघडल्या, आणि जेकब वेनराइट यानें एकेक वस्तूची यादी वहींत लिहिली, यासाठीं कीं पुढें कोणावर संशय येऊं नये. करिंथ येथील मंडळीच्या दानाविषयीं पौलानें जी काळजी घेतली, देवापुढेंच नव्हे तर माणसांपुढेंही निर्दोष राहण्याची, तीच ही काळजी. वाइटाच्या रूपापासून दूर राहणें तें हेंच.

मग डॉक्टरांचें हृदय त्यांनीं एका मोठ्या झाडाखालीं पुरलें. जेकबनें प्रेतसंस्काराची उपासना वाचिली व झाडावर नांव कोरिलें. देह उन्हांत वाळवून, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट नऊ महिने चालून त्यांनीं तो समुद्रकिनाऱ्यास पोंचविला. वाटेंत भेटलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यानें तो तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला, तो त्यांनीं मानिला नाहीं. लंडनांत मोडलेल्या दंडाच्या हाडावरून देह ओळखला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबे येथें दफन झालें, तेव्हां पेटीचा गोंडा धरणाऱ्यांत मोठमोठ्या गृहस्थांच्या बरोबरीनें जेकब वेनराइट होता. डॉक्टरांच्या मरणानंतर पांच आठवड्यांनीं, ५ जून १८७३ रोजीं झालेल्या तहानें झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. १८७५ सालीं मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिच्या पायाभरणीसही नाशिकचेच आफ्रिकन बंधु गेले.

आतां, बंधुभगिनींनो, आपल्या वादाकडे पाहूं. ज्यास गुडघे टेकवतात त्यानें टेकावे. ज्या म्हातारीचे सांधे दुखतात तिनें बसून प्रार्थना करावी. ज्यास भुईवर मांडी घालून हात जोडल्यानें मन एकाग्र होतें, त्यानें तसें करावें. तो जिवंत देवापुढें बसला आहे, मूर्तीपुढें नाहीं, हें त्याचें सारें आचरणच शेजाऱ्यांस सांगेल. दुसऱ्याच्या गुडघ्यांकडे पाहण्यासाठीं जो प्रार्थनेंत डोळे उघडे ठेवितो, तो स्वतः प्रार्थना करीत नाहीं.

पण वाइटाचें रूप पाहावयाचें असेल तर तें निराळ्या ठिकाणीं पाहावें. मंडळीची दानपेटी एकट्यानें उघडूं नये. दोघांतिघांसमक्ष पैसे मोजावे व त्याच दिवशीं वहींत लिहावे. गरिबास जबर व्याजानें पैसे देणाऱ्याशीं भागी करूं नये. दारूच्या दुकानीं केवळ सोबतीस म्हणूनही बसूं नये. ज्यांच्या हातून अन्याय होतो त्यांच्या तांड्याबरोबर, आपला लाभ होत असला तरी, चालूं नये. प्रार्थना एकांतांत असावी आणि हिशेब चारचौघांत असावा. आमच्यापैकीं पुष्कळांचें याच्या उलट चालतें: प्रार्थना चारचौघांत मोठ्यानें, आणि हिशेब एकांतांत. येत्या रविवारीं उपासनेस जाण्यापूर्वीं प्रत्येक मंडळीच्या वडिलांनीं आपली वही एकदां सर्वांपुढें उघडावी, अशी आमची नम्र विनंती आहे.