चांगल्या वळणाचा माणूस : जेम्स प्लिंप्टन
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

स्केटबोर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उलटी टोपी, ढगळ पँट, आणि जिन्याच्या कठड्यावरून घसरत जाणारी अमेरिकन पोरं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (जे 2021 मध्ये झालं) हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा आमच्या घरी आजीने विचारलं होतं की ही मुलं पडायलाच आली आहेत का! पण मी मेकॅनिकलची आहे, त्यामुळे मला फळीच्या वर काय चाललंय त्यापेक्षा खाली काय लावलंय यात जास्त इंटरेस्ट. आणि फळीच्या खाली जे लावलेलं असतं त्याचं मूळ थेट 1863 सालात आहे. ज्याच्या डोक्यातून ते निघालं तो गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये फर्निचरचा धंदा करायचा. जेम्स लेनर्ड प्लिंप्टन. स्केटिंगच्या जगात हे नाव आपल्याकडे जेम्स वॉटचं आहे तेवढंच मोठं.

जन्म 1828, मॅसॅच्युसेट्स राज्यात. घरी शेती. पण हात यंत्रात जास्त रमायचे, म्हणून विशी गाठायच्या आतच तो मशीन शॉपमध्ये कामाला लागला. आपल्यासारखं चार वर्षांचं इंजिनिअरिंग, सबमिशन, व्हायवा यातलं काही नाही. सरळ लेथ आणि तेलकट हात. पुढे न्यूयॉर्कला येऊन त्याने फर्निचरचा व्यवसाय थाटला. तब्येत मात्र कुरकुरत होती. डॉक्टरी सल्ल्याने तो बर्फावर स्केटिंग करू लागला आणि त्याला ते मानवलं. पण बर्फ काही बारा महिने नसतो. हिवाळा संपला की औषध बंद! मग याने ठरवलं की लाकडी जमिनीवर तसंच सरकता आलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, चाकांचे स्केट्स तर आधीपासून होते. होते ना! जोसेफ मर्लिन नावाच्या कारागिराने 1760 च्या दशकात लंडनमध्ये ते वापरले होते. त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सोहोमधल्या कार्लाइल हाउसला मोठी पार्टी होती. हे महाशय पायात चाकं लावून, व्हायोलिन वाजवत आत शिरले आणि वळताही येईना, थांबताही येईना, म्हणून थेट एका भल्यामोठ्या आरशावर आदळले. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं आणि मर्लिन चांगलाच जखमी झाला. हाच मर्लिन इतका हुशार, की इंग्लंडच्या बोज म्युझियममधल्या चांदीच्या यांत्रिक हंसामागे त्याचाही हात मानतात. म्हणजे बुद्धी कमी नव्हती, पण वळण्याचा प्रश्न त्यालाही सुटला नाही. पुढे 1819 मध्ये फ्रान्समध्ये पेतिब्लेद याने एका ओळीत चाकं बसवून पेटंट घेतलं. तेही सरळ जाणारंच. शंभर वर्षं लोक एकतर सरळ जात होते किंवा आदळत होते.

प्लिंप्टनने इथे हात घातला. त्याने दोन चाकं पुढे, दोन चाकं मागे अशी मांडणी केली. पण खरी करामत ॲक्सलमध्ये होती. ॲक्सल तळव्याच्या पट्टीला घट्ट न ठोकता त्याने तो तिरप्या पिव्होटवर बसवला आणि मध्ये रबराची उशी ठेवली. पाय डावीकडे कलवला की रबर एका बाजूला दबतं आणि पिव्होट तिरपा असल्यामुळे ॲक्सल आपोआप फिरतो. पुढचा एका दिशेने, मागचा उलट दिशेने. दोन्ही मिळून स्केट वर्तुळात वळतं. पाय सरळ केला की रबर पूर्ववत होतं आणि स्केट परत सरळ. सुकाणू नाही, हँडल नाही, नुसता कल!

आपण थिअरी ऑफ मशीन्समध्ये ॲकरमन स्टिअरिंगच्या आकृत्या काढून काढून पेन्सिली झिजवतो. इथे त्यातलं काही लागत नाही. मी कागदावर मांडून बघितलं. पिव्होट 45 अंशात असेल तर फळी 10 अंश कलवल्यावर ॲक्सल जवळजवळ तेवढाच, म्हणजे 9.8 अंश फिरतो. दोन ॲक्सलमधलं अंतर 40 सेंमी धरलं तर वळणाची त्रिज्या साधारण 115 सेंमी येते. म्हणजे हॉस्टेलच्या पॅसेजमध्येसुद्धा जेमतेम वळता येईल. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

6 जानेवारी 1863 ला त्याला अमेरिकन पेटंट मिळालं, नंबर 37,305. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात होतं, आणि इकडे हा माणूस रबराची उशी किती जाड ठेवायची ते बघत होता! 1866 मध्ये सुधारलेल्या स्केटचं आणखी एक पेटंट आलं. चाकं मात्र लाकडीच होती.

इथून पुढचा प्लिंप्टन मला जरा अवघड जातो. कारण तो नुसता संशोधक नव्हता, पक्का व्यवहारी होता. त्याने आपले स्केट्स बाजारात विकायला ठेवलेच नाहीत. तो रिंकवाल्यांना ते भाड्याने द्यायचा आणि रिंक कशी चालवायची यावरही नजर ठेवायचा. न्यूयॉर्कमध्ये आपल्या फर्निचरच्या जागेतच त्याने रिंक काढली, एक असोसिएशन स्थापन केली. 1866 मध्ये न्यूपोर्टच्या अटलांटिक हाउस या हॉटेलच्या जेवणघरात रिंक सुरू केली. न्यूपोर्ट म्हणजे तेव्हाच्या श्रीमंतांचं उन्हाळी ठिकाण. सुशिक्षित, सभ्य, चांगल्या वळणाच्या लोकांचा खेळ म्हणून त्याला तो वाढवायचा होता. ऐरागैरा कोणी आत येऊ नये ही काळजी.

पण त्याला श्रेयही द्यायला हवं. त्या काळात तरुण मुलामुलींनी चारचौघांत, घरच्यांच्या पहाऱ्याशिवाय भेटायच्या जागा फारशा नव्हत्या. रिंक ही तशी जागा झाली. बायकांना घाम येईल असा खेळ उघडपणे खेळता येणं हीसुद्धा नवलाई होती, आणि त्या लांब झग्यांत वळता येत होतं ते याच रबराच्या उशीमुळे. मला वाटतं, त्याच्या सभ्यतेच्या हट्टाचा हा एक चांगला परिणाम. रिंक इभ्रतीची असल्याशिवाय कुठल्या आईबापाने मुलीला पाठवलं असतं?

1870 च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रिंकचं अक्षरशः वेड पसरलं आणि त्याबरोबर नकलाही आल्या. प्लिंप्टन कोर्टात गेला. 1876 चा प्लिंप्टन विरुद्ध माल्कमसन हा खटला कायदा शिकणाऱ्यांना माहीत असतो. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा असा की या स्केटची आकृती असलेलं अमेरिकन पुस्तक इंग्लंडच्या पेटंट ऑफिसच्या ग्रंथालयात आधीच पोचलं होतं, तेव्हा त्यात नवीन काय राहिलं? न्यायाधीश जेसल यांनी ते मानलं नाही. लोकांच्या हाती सहज न लागणारी एखादी प्रत कुठेतरी पडून आहे म्हणजे शोध जगजाहीर झाला असं होत नाही, असा त्यांचा निकाल. (आपल्या लायब्ररीतल्या कुलूपबंद कपाटांना हे लागू होतं का, यावर चर्चा व्हायला हरकत नाही!)

पण पेटंटला मुदत असते, तेव्हा ती 17 वर्षांची होती. 1880 ला पहिलं पेटंट संपलं आणि कारखान्यांना रान मोकळं झालं. 1884 मध्ये लेव्हंट रिचर्डसनने बॉल बेअरिंगच्या स्केट्सचं पेटंट घेतलं. पुढे लोखंडी चाकांचे, बुटावर क्लॅम्पने आवळायचे स्वस्त स्केट्स निघाले. त्याची किल्ली मुलं दोरीला बांधून गळ्यात घालायची. स्केट्स भाड्यानेच मिळतील म्हणणाऱ्या माणसाची कल्पना गल्लीगल्लीत पोचली. प्लिंप्टनने ते बघितलं असणार. 1911 मध्ये, ऐंशी ओलांडून तो वारला.

त्याच्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. हे क्लॅम्पचे स्केट लांबी कमीजास्त करता यावी म्हणून दोन भागांत बनवलेले असत. स्क्रू काढला की पुढचा आणि मागचा भाग वेगळे! अमेरिकन पोरांनी नेमकं तेच केलं. दोन इंच बाय चार इंचाच्या बांधकामाच्या फळीला एक तुकडा पुढे, एक मागे, आणि बापाच्या पेटीतले खिळे. कोणी वर फळांचं खोकं ठोकून हँडल लावायचं, ती झाली स्कूटर. मग खोकं मोडलं की उरली फळी. 1930 ते 1950 च्या दशकांत अशा गाड्या ठिकठिकाणी बनल्या. पहिली कोणी बनवली हे शोधण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक गल्लीत कोणीतरी पहिला होताच. आपल्याकडे गॅरेजमधून जुन्या बेअरिंग मागून आणून पोरं फळीची गाडी करायची आणि उतारावर खडखडाट करत सुटायची, तोच प्रकार. फक्त आपली गाडी पुढची आडवी दांडी पायाने ढकलून वळवावी लागते. त्यांच्याकडे तिरप्या पिव्होटची आयती सोय होती. अर्थात स्वस्तातल्या स्केट्समध्ये रबर नावापुरतंच असे, मग फळी उचलून आपटतच वळायचं. लोखंडी चाकाखाली बारीक खडा आला की गाडी जागच्या जागी थांबायची आणि पोरगं पुढे!

कॅलिफोर्नियाच्या सर्फिंग करणाऱ्या मुलांना लाटा नसतील त्या दिवशी हीच फळी उपयोगी पडली. बर्फ नाही म्हणून प्लिंप्टन, लाटा नाहीत म्हणून हे. 1959 मध्ये रोलर डर्बी कंपनीचा तयार बोर्ड आला. 1963 मध्ये लॅरी स्टीव्हनसनची मकाहा कंपनी मैदानात उतरली आणि हर्मोसा बीचला स्पर्धा झाली. म्हणजे पेटंटला बरोबर शंभर वर्षं! चाकं तेव्हा मातीच्या मिश्रणाची, रिंकवरून आलेली, रस्त्यावर न टिकणारी. अपघात वाढले, 1965 च्या सुमारास अनेक शहरांनी बंदी घातली आणि धंदा बसला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने पॉलियुरेथेनची चाकं बोर्डाला लावली तेव्हा तो परत उठला. चाकं बदलली, फळ्या बदलल्या, बेअरिंग बदलल्या. खालच्या त्या वळणाऱ्या ॲक्सलच्या जोडणीला मात्र आजही ट्रक म्हणतात, आणि तिच्यात तिरपा पिव्होट आणि दबणारी उशी आहे. रबराऐवजी आता युरेथेन, एवढंच.

जुने बोर्ड जमवणारे लोक आता त्या खिळे ठोकलेल्या फळ्याही जपून ठेवतात. फोटोत बघितलं तर काहींवर खिळे वाकडे गेलेले दिसतात, मग शेजारी दुसरा ठोकलेला. खाली अर्धं कापलेलं स्केट, गंजलेलं. वर कोणाचंही नाव नसतं, ना बनवणाऱ्या पोराचं, ना प्लिंप्टनचं.