निर्वासिताने बांधलेला निवारा : डेव्हिड ससून

आमच्या सांगवीत कोणी फार आजारी पडले की घरातले म्हणतात, ‘ससूनला न्या.’ ससून हे माणसाचे नाव म्हणून मात्र कोणी घेत नाही. म्हणून या माणसाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादच्या ज्यू घराण्यात झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार होते. पुढे दाऊद पाशाचा जुलूम वाढला आणि या श्रीमंत घराला परागंदा व्हावे लागले. बुशहर बंदरात काही काळ काढून ते १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापूस आणि अफू चीनकडे पाठवण्याच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. आठ मुलगे त्यांच्या हाताशी होते. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तरी सही हिब्रूतच करीत.

त्या काळी इंग्लंडात धनिक लोक गरीब वृद्धांसाठी धर्मगृहे बांधत. छोटी घरे, मध्ये अंगण, भोवती बाग. पुण्यात त्याच जातीचे काम ससून यांच्या दानातून उभे राहिले. नवी पेठेतील डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह ते हेच. आज त्याला सारे ‘निवारा’ म्हणतात आणि निराधार वृद्ध तेथे राहतात.

पुण्याच्या छावणीतील लाल देवळाचे बांधकाम १८६३ साली सुरू झाले. लाल विटांचे आणि उंच मनोऱ्याचे हे ज्यू प्रार्थनामंदिर लष्करी इंजिनिअर हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखले. ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारतही त्यांचीच. दोन्ही कामे १८६७ साली पुरी झाली. पण १८६४ च्या नोव्हेंबरात ससून पुण्यात वारले होते. लाल देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे.

येथे एक प्रश्न मला सोडत नाही. ज्या अफूने चीनमधील कित्येक घरे धुळीस मिळवली, तिच्याच पैशातून पुण्यातल्या निराधारांना छप्पर मिळाले. मग या माणसाला थोर म्हणावे की नाही? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गरिबाला मिळालेल्या खाटेची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून त्या दानाला मी नावे ठेवणार नाही. पण त्या चिनी घरांतही आमच्यासारखीच गरीब माणसे होती, हेही विसरवत नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात. भिंतीवरच्या शिलेवर दात्याचे नाव कोरलेले असते, पैसा कोठून आला ते कोरत नाहीत. ते शोधून वाचणे हे आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.