नोटेवर झाडाचं पान छापणारे बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की वादळात पतंग उडवून विजेचा शोध घेणारा माणूस आठवतो. पण त्यांची बरीचशी कमाई छापखान्यातली होती, आणि त्यातली चांगली कमाई नोटा छापण्याची.

फ्रँकलिन यांचा जन्म 1706 साली बोस्टनमध्ये झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली आणि बाराव्या वर्षी मुलगा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भावाशी पटेना म्हणून 1723 मध्ये तो पळाला आणि फिलाडेल्फियात पोहोचला.

नोटांशी पहिला संबंध 1728 मध्ये आला. न्यू जर्सी वसाहतीला कागदी चलन हवं होतं. फ्रँकलिन मालकासोबत बर्लिंग्टन गावी गेले, तांब्याच्या पत्र्यावरून छापणारं यंत्र स्वतः उभं केलं, नोटांवरची नक्षीही कोरली. ठरल्यापेक्षा एकही नोट जास्त छापली जाऊ नये म्हणून विधिमंडळाचे सदस्य आळीपाळीने शेजारी बसून असत. या पाहुण्यांशी तरुण फ्रँकलिन यांनी दोस्ती केली, ती पुढे धंद्यात कामाला आली. 1729 मध्ये त्यांनी कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली आणि पुढे पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापण्याचं काम त्यांनाच मिळालं. हा योगायोग नव्हता, हे उघड आहे.

अडचण बनावट नोटांची होती. नोटांवर हाताने सह्या आणि क्रमांक घातले जात. नकल करणाऱ्याला मृत्युदंड, अशी ताकीदही अनेक नोटांवर छापलेली असे. पण एका कारागिराने कोरलेली नक्षी दुसरा कुशल कारागीर कोरू शकतोच. खोटी नोट पकडली गेली की नुकसान ती ज्याच्या हातात असेल त्याचं. शेतकरी असो की दुकानदार, भरपाई कुणी देत नसे.

फ्रँकलिन यांनी नक्षीकाम निसर्गाकडे सोपवलं. त्यांचे मित्र जोसेफ ब्रेंटनॉल झाडांच्या पानांना शाई लावून कागदावर ठसे घेत. 1730 च्या दशकाच्या अखेरीस नोटांच्या मागच्या बाजूला अशीच पानं दिसू लागली. खरं पान कापडासोबत प्लास्टरमध्ये दाबून साचा करायचा आणि त्यात छपाईचा धातू ओतायचा, अशी ही पद्धत. पानाच्या शिरा कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक होत जातात. ती उतरण हाताने कोरणं फार कठीण होतं, आणि अगदी तसंच दुसरं पान झाडावरही सापडत नाही. ही पद्धत फ्रँकलिन यांनी इतकी गुप्त ठेवली की तिचा उलगडा 20 व्या शतकात नाणेतज्ज्ञ एरिक न्यूमन यांनी केला.

कागद आणि शाईतही खुणा होत्या. 2023 मध्ये नोटरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळच्या सुमारे 600 नोटा तपासल्या. फ्रँकलिन यांच्या नोटांच्या काळ्या शाईत ग्रॅफाइट सापडलं, तर बनावट नोटांत जळलेल्या हाडांपासून केलेल्या काजळीच्या खुणा होत्या. कागदाच्या लगद्यात निळे धागे आणि अभ्रकाचे चमकणारे कण मिसळलेले होते. शाईचा फरक साध्या डोळ्यांना कळत नाही, धागे आणि अभ्रक मात्र दिसतात.

एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की फ्रँकलिन नोटांवर पेनसिल्व्हेनियाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवत, म्हणजे नकल करणारा ते सुधारेल आणि सापडेल. स्पेलिंग वेगवेगळं दिसतं हे खरं. पण त्या काळी स्पेलिंगचे नियमच पक्के नव्हते, त्यामुळे ती चूक की चाल हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

1748 मध्ये फ्रँकलिन यांनी छापखाना भागीदार डेव्हिड हॉल यांच्यावर सोपवला. 1775 मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटलं आणि काँग्रेसने खर्चासाठी नोटा काढल्या. त्यांवरची बरीच चिन्हं फ्रँकलिन यांनी सुचवली, छपाई हॉल यांच्या पेढीत झाली आणि पाठीवर पुन्हा पानं आली.

या वेळी समोर एखादा भुरटा नकलाकार नव्हता, साम्राज्य होतं. इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमध्ये 1777 साली चक्क वर्तमानपत्रात जाहिरात आली: इतर वसाहतींत जाणाऱ्यांना कागदाच्या किमतीत हव्या तितक्या बनावट नोटा मिळतील. खोट्यांचा इतका सुळसुळाट झाला की 1779 च्या सुरुवातीला काँग्रेसला 1777 आणि 1778 मधल्या नोटांच्या दोन मालिकाच परत घ्याव्या लागल्या.

पण चलन फक्त नकलांनी बुडालं नाही. काँग्रेसने स्वतःच सुमारे 24 कोटी डॉलरच्या नोटा छापल्या, आणि 1780 मध्ये 40 कागदी डॉलरला चांदीचा 1 डॉलर असा भाव ठरवला. नोट खरी आहे की खोटी, हे पान सांगू शकत होतं. खऱ्या नोटा किती छापाव्यात, यावर त्याचा काही इलाज नव्हता. बर्लिंग्टनमध्ये शेजारी बसून मोजणारे ते सदस्य इथे कुणी नव्हते.

फ्रँकलिन तेव्हा पॅरिसमध्ये, फ्रान्सकडून कर्ज आणि मदत मिळवण्याच्या खटपटीत होते. 1785 मध्ये ते परतले आणि 17 एप्रिल 1790 रोजी फिलाडेल्फियात वारले. आज त्यांचा चेहरा अमेरिकेच्या 100 डॉलरच्या नोटेवर आहे. अमेरिकेबाहेर सर्वाधिक नकल होते ती याच नोटेची.