विश्लेषण : प्रसूती रजेचे पैसे कोणी द्यायचे? ना. म. जोशींनी १९२४ मध्ये काय सुचवले होते?

देवगाव रंगारीहून वाळूजच्या कारखान्यात किंवा छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या कंपनीत नोकरीला लागलेल्या महिलेला आज २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते. या हक्कासाठी केंद्रीय कायदेमंडळात पहिले विधेयक आणणारे ना. म. जोशी आज बहुतेकांना माहीत आहेत ते मुंबईतील रस्त्याच्या नावापुरते. डिलाइल रोड तो हाच. मात्र रजेचा खर्च एकट्या मालकाने सोसायचा की सामाईक निधीतून द्यायचा, हा त्यांनी पुढे आणलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.

कोण होते ना. म. जोशी?

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यात शिक्षण झाले, काही वर्षे शिक्षकी केली आणि १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असे तिचे काम होते. चाळींतले बायकामुलांचे हाल जोशींनी पाहिले ते या कामातून. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत ते होते आणि १९२५ पासून तिचे सरचिटणीस. भाषणाने सभा पेटवणारे पुढारी ते नव्हते. आकडे, अहवाल आणि कलमे घेऊन चिकाटीने मागे लागणारे होते.

गिरण्यांत काय चालत होते?

बाळंतपणाच्या अगदी आधीपर्यंत बाई साच्यावर किंवा रहाटावर उभी असे. घरी बसली की मजुरी बंद, आणि परत आल्यावर जागा मिळेलच याची खात्री नसे. म्हणून ती लवकर परते. तान्हे मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी चारली जाई. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास ही परिस्थिती नोंदवली. तोवर जोशी जगाच्या व्यासपीठावर जाऊन आले होते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तिथे ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे रजेचा आंतरराष्ट्रीय करार त्याच अधिवेशनात झाला. भारत सरकारने तो स्वीकारला नाही.

१९२४ च्या विधेयकात काय होते?

कारखाने, खाणी आणि आसामचे चहामळे यांतील स्त्रियांना रजा आणि त्या काळात रोख मदत. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे पैसे ज्या-त्या मालकाने आपल्या कामगार बाईला थेट द्यायचे नव्हते. मालकांच्या वर्गणीतून प्रसूती निधी उभारायचा आणि त्यातून द्यायचे. खर्च सगळ्यांत वाटला गेला, तर बाईला कामावर ठेवणे हे एकट्या मालकाच्या अंगावर येत नाही. सरकारी बाकांवरून विरोध झाला आणि १९२५ मध्ये विधेयक पडले.

कायदा मग आला कुठून?

मुंबई प्रांतातून. आर. एस. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मत मांडले. १९२९ मध्ये देशातील असा पहिला कायदा झाला, पण पैसे द्यायचे ठरले ते मालकानेच. निधीचा विचार बाजूला पडला. शिवाय हा कायदा मुंबई प्रांतापुरता होता. देवगाव रंगारी आणि सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इकडे तो लागूच नव्हता.

जोशी १९४७ पर्यंत केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले. मधल्या काळात आयटक फुटली, तेव्हा ते बाहेर पडले आणि एकजूट झाल्यावर पुन्हा सरचिटणीस झाले. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यात प्रसूती लाभ वर्गणीच्या निधीतून देण्याची सोय झाली, म्हणजे २४ वर्षांनी निधीची कल्पना निम्मी तरी मान्य झाली. ३० मे १९५५ रोजी जोशी गेले. देशभरासाठीचा प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. त्यात भार पुन्हा मालकावरच आला.

आजचा नियम काय सांगतो?

१९६१ च्या कायद्यात रजा १२ आठवडे होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, त्यापुढे १२. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले हवे. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक. आता हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

पैसे कोण देते, हे मात्र पगारपत्रकावर ठरते. ईएसआयची कपात होत असेल, तर लाभ महामंडळ देते. तिथे मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के आणि वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये. त्यापेक्षा पगार जास्त असेल, तर सहा महिन्यांचा पूर्ण पगार कंपनीच्या खिशातून जातो. मुलाखतीत लग्न कधी, मूल कधी हे प्रश्न का येतात, याचे एक कारण इथे आहे. अर्थात, म्हणून ते विचारणे योग्य ठरत नाही.

आणि शेतमजूर महिला? देवगाव रंगारीच्या शिवारात कापूस वेचणारी, मका सोंगणारी बाई यांपैकी कशातच बसत नाही. तिच्यासाठी आहे प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. त्यासाठी नोंदणी अंगणवाडी किंवा आशा सेविकेकडे होते आणि रक्कम आईच्या बँक खात्यात येते.