गुलामांचे कैवारी टॉमस क्लार्कसन

एखादी जुनी वाईट चाल मोडावयाची तर सरकारनें कायदा केला पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कायदा होण्यापूर्वीं लोकांचीं मनें पालटावीं लागतात. तें काम कसें होतें, हें टॉमस क्लार्कसन यांच्या चरित्रावरून चांगलें दिसून येतें.

क्लार्कसन यांचा जन्म इंग्लंडांतील विस्बीच गांवीं ता. २८ मार्च १७६० रोजीं झाला. त्यांचे वडील पाळक व शिक्षक होते. ते मुलाच्या लहानपणींच वारले. सन १७८५ सालीं केंब्रिज विद्यापीठांत लॅटिन निबंधासाठीं एक प्रश्न घातला होता. माणसांस त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणें न्यायाचें आहे काय, असा तो प्रश्न होता. क्लार्कसन यांनीं बक्षिसाच्या आशेनें लेखणी हातीं धरिली. परंतु आफ्रिकेंतून धरून नेलेल्या लोकांचे हाल वाचतां वाचतां त्यांची झोप उडाली. बक्षीस मिळालें. पुढें लंडनास जात असतां वेड्समिल गांवाजवळ ते घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेस बसले. आपण लिहिलें तें खरें असेल, तर हे हाल थांबविण्यास कोणी तरी उठलें पाहिजे, हा विचार त्यांच्या मनांतून जाईना. शेवटीं पाळकाच्या हुद्द्याची आशा सोडून ते स्वतःच उठले.

ता. २२ मे १७८७ रोजीं लंडनांत या कामासाठीं बारा जणांची कमिटी स्थापन झाली. त्यांपैकीं नऊ जण क्वेकर पंथाचे होते. पार्लमेंटांत बोलण्याचें काम विल्बरफोर्स यांनीं पतकरिलें व पुरावा जमविण्याचें काम क्लार्कसन यांच्याकडे आलें. सात वर्षांत त्यांनीं, बहुतेक घोड्यावरून, सुमारें ३५,००० मैल प्रवास केला. ब्रिस्टल व लिव्हरपूल या बंदरांत खलाशांस भेटून त्यांनीं जहाजांवरील हकीकत लिहून घेतली. हातकड्या, बेड्या, अंगठे चेपण्याचे स्क्रू, अन्न नाकारणाऱ्याचें तोंड बळेंच उघडण्याचें हत्यार, हीं सर्व त्यांनीं विकत घेऊन लोकांस दाखविलीं. त्यांच्या एका पेटींत आफ्रिकेंतील कापड, मिरीं, हस्तिदंत व लाकूड असे; माणसें न विकतांही व्यापार चालेल, हें त्यावरून लोकांस पटे. लिव्हरपूलच्या धक्क्यावर कांहीं जणांनीं त्यांस समुद्रांत ढकलण्याचा यत्न केला. ते त्यांच्यांतून वाट काढून निसटले.

सन १७९१ सालीं पार्लमेंटांत ८८ विरुद्ध १६३ मतांनीं ठराव फेटाळला गेला. तेव्हां लोकांनीं दुसरा मार्ग धरिला. वेस्ट इंडीज बेटांतील साखर गुलामांच्या श्रमानें होत असे; ती सुमारें तीन लाख लोकांनीं सोडिली, असा क्लार्कसन यांचा अंदाज होता. स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता, परंतु स्वयंपाकघर त्यांच्या हातीं होतें. सन १७९२ सालीं पार्लमेंटाकडे ५१९ अर्ज गेले.

इतकें होऊनही यश आलें नाहीं. फ्रान्साशीं युद्ध सुरू झालें व सुधारणेचें नांव काढणाऱ्यांवर राजद्रोहाचा संशय येऊं लागला. सन १७९४ सालीं प्रकृति खालावल्यामुळें क्लार्कसन यांस काम सोडावें लागलें. दहा वर्षांनीं ते परत आले, आणि सन १८०७ सालीं गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाला.

तरी जे गुलाम होते ते तसेच राहिले. म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं क्लार्कसन पुनः गांवोगांव हिंडले. इकडे जमेका बेटांत सन १८३१ च्या नाताळांत बाप्तिस्त मंडळीचे डीकन सॅम्युएल शार्प यांच्या पुढारीपणाखालीं गुलामांनीं काम बंद केलें व पुढें बंड झालें. शार्प यांस फांशी देण्यांत आलें. सन १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. त्यांत मालकांस दोन कोटि पौंड मिळाले, गुलामांस कांहींच नाहीं. आणि पूर्ण मोकळीक मिळावयास सन १८३८ उजाडलें. क्लार्कसन यांनीं हें सर्व पाहिलें व ता. २६ सप्टेंबर १८४६ रोजीं ते मरण पावले.

आपल्या गांवांतील एखादी चाल आपणांस सलत असेल, तर प्रथम तिची खरी माहिती मिळवावी, ती शेजाऱ्यांस शांतपणें दाखवावी, आणि तिचा लाभ आपल्या घरांत येत असल्यास तो आधीं सोडावा.